मागचं काही नाही

तुमच्या गाडीत मागचं दिसायला एक पडदा आहे. गेल्या खेपेला मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुमचा बाबा मान न वळवता त्या पडद्यात बघून गाडी मागे घ्यायचा आणि गाडी टीं टीं करत त्याला सावध करायची. दर वेळी मला हसू यायचं. तुम्ही दोघं विचारायचात, "आजी, हसतेस काय?" मी म्हणायचे, घरी गेल्यावर लिहून पाठवीन. तुमच्याकडे काही सांगायला बसावं तर मध्येच कोणाचा तरी फोन वाजतो. तर हे ते लिहून पाठवलेलं. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल, तेव्हा बाबाला शेजारी बसवा. तोही यात आहे, पण थोडासाच, आणि काच फोडण्यापुरता.

हे आमच्या पनवेलच्या घरमालकांबद्दल आहे. त्यांना आम्ही 'मालक' म्हणत असू, आणि मला वाटतं सगळं पनवेलच त्यांना मालक म्हणत असे. उंच, वाळलेले, पांढरा सदरा आणि लेंगा. आयुष्य मिठागरावरच्या पांढऱ्या उन्हात गेल्यामुळे ते घरातल्या सावलीतही डोळे बारीक करून बघत. नवीन माणसाला वाटे, हे आपल्यावर संशय घेताहेत. संशय त्यांनी कधी कोणावर घेतला नाही. घ्यायला हवा होता, असे प्रसंग पुष्कळ आले.

उरणच्या वाटेवर त्यांची भातशेती होती आणि मिठागर होतं. त्या भागातल्या बऱ्याच लोकांसारखी त्यांची जमीन सरकारने घेतली. मोबदला आला, त्यातून त्यांनी पनवेलमध्ये दुमजली घर बांधलं. खाली ते आणि मालकीणबाई, वर भाडेकरू म्हणून आम्ही. आवारात दुधीचा वेल, शेवग्याचं झाड आणि एक छोटी, सायीच्या रंगाची मोटार. आणि आवाराला दोन फाटकं, एक समोर आणि एक बरोबर त्याच्या रेषेत, आवाराच्या मागच्या कडेला. एवढ्याशा आवाराला दोन फाटकं कशाला, हे कोडं मला पहिल्या दिवसापासून पडलं होतं. मला सगळं जागच्या जागी आणि कारणासकट लागतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण मालकांना विचारलं की ते म्हणत, "यायचं एकीकडून, जायचं दुसरीकडून. देवळात नाय का?" आमच्या गल्लीतल्या देवळाला तरी एकच दार होतं.

मालकांचा एक नेम होता. मागे फिरायचं नाही. हा नेम त्यांनी कधी सांगितला नाही, बघणाऱ्याने ओळखायचा. बाजारात गेले की एका गल्लीने जात आणि दुसऱ्या गल्लीने येत. छत्री घरी विसरली आणि कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं, तर परत येणार नाहीत, पुढे जाऊन नवीन घेतील. त्यांच्या जिन्याखालच्या खोलीत छत्र्यांचा ढीग होता. पावसाळा लागला की मालकीणबाई त्यातली एकेक काढून आम्हा सगळ्यांना वाटत आणि म्हणत, "घ्या वो, आमच्या घरात छत्र्या पिकतात." मासळी आणायलाही त्या स्वतः जात. कारण मालक भाव करून दोन पावलं पुढे गेले आणि कोळणीने "ओ काका, या, घ्या त्या भावात" अशी हाक मारली, तरी ते वळत नसत. रिकामी पिशवी घेऊन घरी येत आणि दुधीची भाजी जेवत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्यही होतं: "मागचं काय नाय." कोणाचं भांडण मिटवायचं असो, कोणी माफी मागो, मालक हात झाडल्यासारखा करत आणि म्हणत, "झाला तो झाला. मागचं काय नाय." तुमच्या बाबाने एकदा त्यांच्या खिडकीची काच चेंडूने फोडली. मी त्याला कानाला धरून खाली नेलं आणि माफी मागायला लावली. मालकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "झाला तो झाला रे बाबू. मागचं काय नाय."

जिना चढताना तुमच्या बाबाने मला हळूच विचारलं, "आई, म्हणजे मागच्या बाजूची काच फोडली तर चालेल?"

मी त्याला एक धपाटा घातला. खरं म्हणजे त्या दिवशी त्या घरात ते वाक्य नीट ऐकणारा तो एकटाच होता. पुढे काय झालं ते वाचलंत की तुम्हाला कळेल.

तेव्हा मी पनवेलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. बरीच वर्षं शिकवत होते, आणि बरीच वर्षं दुसऱ्यांनी आखलेल्या वेळापत्रकात बसत होते. अशात मोऱ्याजवळच्या एका शाळेतून मला मुख्याध्यापिका म्हणून विचारणा झाली. मोरा म्हणजे उरणचं बंदर, जिथून मुंबईला लाँच सुटतात. शाळा लहान होती, कौलारू होती आणि सकाळची होती. मी मुलाखतीला गेले तेव्हा संस्थेचे एक वयस्कर सभासद माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुमचं शिक्षण आम्हाला पसंत आहे. पण पनवेल लांब आहे. तुमच्या आधीच्या बाईसुद्धा लांबून यायच्या. आठवड्यातून दोनदा प्रार्थना संपल्यावर यायच्या. मुलं फाटकात उभी राहून त्यांची एस.टी. बघायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी प्रार्थनेला तुम्ही ओट्यावर दिसलात, तर ती खुर्ची तुमची. नाही दिसलात, तर आम्ही गावातलंच कोणीतरी बघू."

पनवेलहून निघणारी पहिली एस.टी. प्रार्थना संपल्यावरच पोहोचत असे. म्हणजे गाडी हवी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून मी लायसन घेतलेलं होतं, हौस म्हणून. तुमच्या आजोबांना मोटार चालवता येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. नवीन गाडी आमच्या आवाक्यात नव्हती. आणि तेव्हाच मालकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची बंदी केली. मला तो शुभशकुन वाटला. मालकांच्या डोळ्यांना नसेल वाटला.

सौदा ओसरीवर झाला. तुमचे आजोबा बँकेत असल्यासारखे ताठ बसले होते. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मालक, गाडीत काही दोष?"

मालक उठले. आवारात उतरले, गाडीच्या मागच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाले, "मागचं काय नाय. आदीच सांगतो. मंग बोलू नका."

आजोबांचा चेहरा खुलला. "उत्तम! कबूल."

"कबूल? नीट आयकलात ना?"

"ऐकलं की."

"मास्तरीणबाय, तुमी?"

"मीही ऐकलं, मालक."

मालकांनी डोळे आणखी बारीक केले. "मानसं तुमी मोट्या मनाची. मंग मी पन किंमत कमी करतो." आणि खरोखरच त्यांनी इतकी कमी किंमत सांगितली की आम्ही दोघं संकोचलो. जिना चढताना आजोबा म्हणाले, "बघितलंस? मागचं काही नाही. म्हणजे कर थकलेला नाही, अपघात नाही, कोणाची कटकट नाही. एका वाक्यात सगळं सांगून मोकळा झाला माणूस. आमच्या ऑफिसात यालाच चार पानं लागली असती."

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन बाहेर पडले आणि सुकापूरच्या बाजूला एका नव्या इमारतीपाशी गेले. पुढे रस्ता संपला, भिंत आली. गाडी मागे घ्यावी म्हणून मी गिअरची दांडी हलवली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा मिळाले. मागे जाण्याचा काही मिळेना. दांडीच्या गोळ्यावर गिअरचा जो नकाशा असतो, तो मालकांच्या हाताने घासून गुळगुळीत झाला होता. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी जुन्या पद्धतीची होती आणि तिची दांडी स्टिअरिंगपाशी होती, तेव्हा तिथलं शिक्षण इथे उपयोगी पडेना. शेवटी गवंडीकाम करणाऱ्या लोकांनी गाडी ढकलून वळवून दिली.

घरी आले ती तरातरा ओसरीवर. "मालक, गाडी मागे जात नाही!"

मालक शांतपणे शेवग्याच्या शेंगा मोडत होते. "नायच जात."

"अहो, पण तुम्ही सांगितलं नाहीत!"

"सांगितलं ना! तुमाला दोगांनाबी सांगितलं. वर थाप मारून सांगितलं. मागचं काय नाय."

एव्हाना आजोबा खाली आले होते. ते म्हणाले, "अहो, आम्हाला वाटलं थकबाकी नाही!"

"थकबाकी?" मालकांनी शेंग खाली ठेवली. "थकबाकी तर मीठखात्याचीबी कदी ठेवली नाय मी. मी गिअरचं सांगत होतो."

मालकीणबाई आतून बाहेर आल्या आणि दारातच बसल्या, कारण हसून त्यांना उभं राहवेना. "या गाडीपायीच तं ते दुसरं फाटक लावलान," त्या म्हणाल्या. "मला माह्येरी नेतात तं आंगनात गाडी घालीत नाय. रस्त्यावरच उतरवतात. म्हंतात, आत गेलो तर ह्या घरचाच होऊन राहीन."

असं माझं दोन फाटकांचं कोडं सुटलं.

मग मालकांनी आम्हाला गाडीची कुळकथा सांगितली. गाडी त्यांनी मुंबईत एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडून घेतली होती. पैसे घेताना दलाल म्हणाला, 'देखो काका, पीछे का कुछ नहीं.' मालकांना वाटलं, चांगला माणूस आहे, आपल्यासारखंच बोलतो. घरी येऊन बघतात तर गाडी मागे जाईना. तेव्हा त्यांना दलालाच्या बोलण्याचा अर्थ लागला.

"आदीच सांगितलं होतं त्यानं," मालक म्हणाले. "एवडी मोटी मुंबय, पन एवडा खरा मानूस मी दुसरा बगितला नाय. सांगून दिलेली वस्तू. मंग तकरार कशाची करायची? मेकॅनिकला दाखवायचं तरी कोनत्या तोंडानं?"

म्हणून ती गाडी त्यांनी कधी कोणा मेकॅनिकच्या हातात दिली नाही. तेलपाणीसुद्धा स्वतः शेजारी उभं राहून करवून घेतलं. आणि वर्षानुवर्षं ते पुढे पुढेच गेले.

मी इंग्रजीची शिक्षिका. अंगात ताप असला तरी असल्या गोष्टीची गंमत मला वाटायचीच. इंग्रजीत 'पाठीकडे' याला एक शब्द आहे आणि 'पूर्वी' याला दुसरा. आपल्याकडे दोन्हींना मिळून एकच, 'मागे'. दलालाने तो हिंदीत वापरला, तर त्याला तिसराच अर्थ: नंतर तक्रार चालणार नाही. एकच वाक्य एका गाडीबरोबर तीन घरं फिरलं आणि प्रत्येक घरात सोयीचं तेवढं ऐकलं गेलं.

गंमत झाली, पण माझी खुर्ची टांगणीला लागली. आजोबा म्हणाले, पळस्प्याला गॅरेज आहे, दाखवू. पण दिवाळीत गॅरेजं बंद, आणि गिअरबॉक्स उघडला तर गाडी केव्हा हाती येईल ते सांगता येत नाही, असं शेजारच्या सगळ्यांनी सांगितलं. शाळा उघडायला थोडे दिवस राहिले होते. मालक म्हणाले, "घाबरू नका. मागं न जाता कसं जगायचं ते मी शिकवतो."

आणि खरंच, ती सुट्टीभर त्यांनी मला शिकवलं. बाजूच्या सीटवर ताठ बसून, हात मांडीवर ठेवून. "गाडी थांबवायच्या आदी निघायचं कसं ते बघायचं, मास्तरीणबाय." "भिंतीकडं तोंड करून कदी उभं राहायचं नाय." "गल्लीत शिरताना गल्लीला दुसरं तोंड हाय का, आदी विचारायचं. मानसाला विचारायचं, पोराला नाय. पोरं सायकलचं सांगतात." पनवेलमध्ये कुठे गोल फिरायला जागा आहे, कुठे उतार आहे, जिथे गाडी हँडब्रेक काढल्यावर आपोआप मागे घरंगळते, हे सगळं त्यांना पाठ होतं. पंधरवड्यात मी गाडी नव्हे, बैलगाडी हाकावी तशी लांबचा विचार करून चालवायला लागले.

शाळा उघडायच्या दिवशी पहाटेच मालक सदरा घालून गाडीपाशी उभे. "त्या बाजूला फिरायच्या जागा तुमाला म्हायती नाय. मी येतो."

"पण मालक, मला दुपारपर्यंत शाळा आहे. तुम्ही परत कसे येणार?"

"मी लाँचनं मुंबयला जाईन. तिथून एस.टी.नं पनवेल."

ज्या रस्त्याने गेले त्याच रस्त्याने परत यायचं नाही, म्हणून तो माणूस समुद्र ओलांडून, मुंबईला वळसा घालून घरी यायला तयार होता! मालकीणबाईंनी त्यांच्या हातात डबा दिला आणि मला म्हणाल्या, "बाय, त्यांना लाँचवर बसवून द्या. नायतर अमेरिकेवरून येतील."

पळस्पे मागे पडलं, उरणचा रस्ता लागला. मालक बोलत होते: इथे वळायला जागा, तिथे पंपात शिरून पलीकडून बाहेर पडता येतं. मग रस्त्याच्या कडेला खाऱ्या चिखलाचं खाजण लागलं, उजव्या हाताला भरावाची लाल माती दिसू लागली, आणि मालक बोलायचे थांबले. मी पाहिलं तर ते समोरच्या काचेतून सरळ बघत होते, मान जराही न हलवता.

"तुमचं मिठागर इथेच ना, मालक?"

"पुडं बगा," ते म्हणाले. "सायकलवाला हाय."

सायकलवाला पुष्कळ लांब होता. मी तरीही वेग कमी केला.

मोऱ्याला पोहोचलो तेव्हा हाताशी वेळ होता. मालक म्हणाले, "शाळेच्या आदी मला धक्क्यावर सोडा. थेट आत घ्या. लाँच लागलेलीच हाय." मी आत घेतली. दोन्ही बाजूंना पाणी आणि चिखल, मध्ये दगडी धक्का, गाडीच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त. आम्ही पार पुढच्या टोकापर्यंत गेलो. समोर समुद्र. मी ब्रेक लावला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मालक," मी म्हटलं, "थांबायच्या आधी निघायचं कसं ते बघायचं."

मालकांनी समुद्राकडे बघितलं. बहुतेक त्यालाही दुसरं तोंड आहे का ते बघत असावेत. "चुकलंच," ते म्हणाले. ते त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात लाँचमधली माणसं उतरली. टोपल्या, पिशव्या, पाट्या. आणि बाहेर पडायच्या वाटेत आमची गाडी बुचासारखी बसलेली. कोळणींनी तोंडं सोडली.

"ओ बाय, मुंबय तिकडं हाय, पन गाडी पान्यातून जात नाय!"

"मागं घे गो! माझी मासळी सडल!"

"मागं जात नाय हो ती," मालक खिडकीतून म्हणाले.

"मागं जात नाय? मंग काय, शोभेला आनलीव?"

मालक उतरले. "आठ जन या. उचलून फिरवू. हलकी हाय." लोक हसू लागले. दुरून शाळेची घंटा झाली, पहिली. दुसरीला प्रार्थना. मला ओट्यापुढे उभ्या असलेल्या मुलांच्या रांगा दिसत होत्या, आणि चष्म्यावरून फाटकाकडे बघणारे ते सभासद. एवढी वर्षं ज्या खुर्चीची वाट बघितली ती खुर्ची त्या दगडी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि मी ह्या टोकाला.

मागे किती गर्दी आहे, गाडी फिरवता येईल का, ते बघायला मी सीटवरच अंग वळवलं. आधाराला डावा तळहात दांडीच्या गोळ्यावर टेकला आणि त्यावर सगळा भार पडला. खट् असा आवाज झाला. दांडी खाली दबली, आणि दबल्यावर आपणहून बाजूला सरकून एका अशा जागी जाऊन बसली जिथे ती आजवर कधी बसली नव्हती.

मी क्लच सोडला. गाडी मागे गेली.

धक्क्यावरच्या टोपल्या जागच्या जागी थांबल्या. मग एक म्हातारी कोळीण टोपली डोक्यावर धरून ओरडली, "आगो बाय, ही तं मागं आयली!" गर्दी दोन्ही कडांना सरली. मी मान वळवून, एकेका दगडाकडे बघत, गाडी मागे मागे घेत गेले. आणि गाडीसमोर, डबा हातात धरून, मालक पुढे पुढे चालत येत होते. माझ्या आयुष्यात मी माणसाचा इतका चकित चेहरा बघितलेला नाही.

रस्त्यावर आल्यावर ते गाडीत बसले. लाँच सुटायचा भोंगा झाला.

"मालक, तुमची लाँच."

"जाऊ दे." ते दांडीकडे बघत होते. "काय केलंत?"

"खाली दाबायची, मग बाजूला. एवढंच."

शाळेच्या फाटकातून आत शिरले तेव्हा मुलं रांगेत उभी होती आणि प्रार्थनेला सुरुवात व्हायची होती. मी ओट्यावर जाऊन उभी राहिले. केसांची बट सुटलेली, पदराला धक्क्यावरच्या मासळीचा वास. ते वयस्कर सभासद फाटकात होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीतून उतरणाऱ्या मालकांकडे बघितलं, आणि चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. त्या ओट्यावर मी निवृत्त होईपर्यंत उभी राहिले.

मालक दुपारपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात बसून होते. परत निघालो तेव्हाही ते दांडीकडेच बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे तो मुंबयवाला खोटा बोलला."

"नाही मालक. तो म्हणत होता, नंतर तक्रार करू नका. गाडीबद्दल बोलतच नव्हता तो."

त्यांनी ते मनात फिरवून बघितलं. "मंग मी तुमाला खोटं सांगितलं. गाडी चांगली, आनि मी सांगितलं मागचं काय नाय."

"तुम्ही तुम्हाला ठाऊक होतं ते सांगितलंत. आम्ही थकबाकी ऐकली."

मालक खदखदून हसले. डोळे पुसत हसले. "जल्ला मेला," ते म्हणाले, "एवडी वर्सं मी त्या दुसऱ्या फाटकाला फुकट रंग देतोय!"

ते हसत होते तोवर खाजण आलं, लाल मातीचा भराव आला. हसणं थांबलं. या वेळी मात्र मान वळली. गाडी पुढे निघून गेली तरी ते काचेतून मागे बघत राहिले.

"थांबा," ते म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. "जागा तर मागे गेली, मालक."

"हो." त्यांनी दांडीकडे बघितलं. "मंग घ्या ना मागं. आता येते तिला."

रस्त्यावर तेव्हा आजच्यासारखी कंटेनरची रांग नसे. मी हळूहळू मागे घेतली. ते "अजून, अजून" म्हणत राहिले, आणि एका बाभळीपाशी त्यांनी हात वर केला. उतरले आणि बांधावरून चालत गेले. बहुतेक सगळं भरावाखाली गेलं होतं, पण कडेचा एक पट्टा उरला होता, त्यात भरतीचं पाणी साचलेलं. मालक उकिडवे बसले, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मी गाडीपाशीच उभी राहिले. काही ठिकाणी आपण जायचं नसतं.

परत येऊन बसले तेव्हा लेंग्याला चिखल होता. म्हणाले, "खारट हाय अजून." जशी एखाद्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत सांगावी तसं.

संध्याकाळी तुमचे आजोबा ओसरीवर गेले. त्यांचं म्हणणं, गाडीत दोष नव्हता, तेव्हा दोषाबद्दल कमी केलेली किंमत आम्ही भरून दिली पाहिजे. मालकांनी ऐकून घेतलं, हात झाडल्यासारखा केला आणि म्हणाले, "साहेब, मागचं काय नाय." या खेपेला काय ऐकायचं ते आजोबांना बरोबर कळलं. मालकीणबाईंनी मात्र मागणी केली: मागचं फाटक बंद करा आणि मला माहेरी अंगणात उतरवा. दोन्ही झालं, माहेरी मीच त्यांना नेलं. फाटकावर त्यांनी दुधीचा वेल चढवला. तो इतका माजला की दुधी खाऊन खाऊन तुमच्या बाबाने त्या भाजीचं नाव टाकलं. तुमच्या घरी दुधी येत नाही त्याचं कारण हे आहे.

मालकांचा नेम पूर्ण मोडला नाही. छत्र्यांचा ढीग वाढतच राहिला, आणि मासळीवाल्या बाईने कितीही हाका मारल्या तरी ते वळले नाहीत. फक्त एक बदल झाला. महिन्यातून एखाद्या रविवारी, मी गाडी धूत असले की ते ओसरीवरून उतरत, स्वच्छ सदरा घातलेला, पायांत जुन्या वहाणा, आणि गाडीच्या मागच्या पत्र्यावर थाप मारून म्हणत,

"चला, मास्तरीणबाय. जरा मागं जाऊन येऊ."